'द न्यू स्टँडर्ड': पॉप गाणी, जॅझ पियानो आणि तुमचे प्रश्न

हर्बी हॅनकॉकचा हा अल्बम आमच्या रविवारच्या ऐकण्याच्या बैठकीत लावला आणि तेव्हापासून प्रश्न थांबलेले नाहीत. पॉप ऐकणारे विचारतात, आमच्या गाण्याचं हे काय करून ठेवलंय. शास्त्रीय ऐकणारे विचारतात, यातली बंदिश कुठली आणि विस्तार कुठला. काहींना फक्त कायद्यातलं हवं असतं. दर वेळी तेच तोंडी सांगण्यापेक्षा एकदाच नीट लिहून ठेवतोय.

१. अल्बम कधीचा, आणि त्यात कुठली गाणी आहेत?

हॅनकॉक हा शिकागोत १९४० साली जन्मलेला अमेरिकन पियानोवादक. 'द न्यू स्टँडर्ड' १९९६ साली व्हर्व्ह कंपनीने काढला; रेकॉर्डिंग आदल्या वर्षी न्यूयॉर्कमध्ये झालं होतं. दहा ट्रॅक आहेत, त्यातली नऊ गाणी दुसऱ्यांची: डॉन हेन्लीचं 'न्यूयॉर्क मिनिट', पीटर गेब्रिएलचं 'मर्सी स्ट्रीट', बीटल्सचं 'नॉर्वेजियन वुड', बेबीफेसचं 'व्हेन कॅन आय सी यू', स्टीव्ही वंडरचं 'यूव्ह गॉट इट बॅड गर्ल', शाडेचं 'लव्ह इज स्ट्राँगर दॅन प्राइड', सायमन-गारफंकल जोडीमुळे घरोघरी पोचलेलं 'स्कारबरो फेअर', प्रिन्सचं 'थीव्ह्ज इन द टेंपल' आणि निर्व्हानाचं 'ऑल अपॉलॉजीज'. दहाव्याची गोष्ट प्रश्न १० मध्ये. सगळं मिळून सत्तर मिनिटांच्या पुढे जातं, तेव्हा एका बैठकीत संपवायचा हट्ट करू नका.

२. 'स्टँडर्ड' म्हणजे काय? दर्जेदार असा अर्थ आहे का?

दर्जाचा संबंध नाही. जॅझच्या भाषेत स्टँडर्ड म्हणजे सगळ्या वादकांना पाठ असलेलं गाणं. एकमेकांना कधी न भेटलेले चौघे रात्री एका क्लबात जमतात, एक जण गाण्याचं नाव घेतो, पट्टी सांगतो, चुटक्या वाजवून लय देतो, आणि चौघं वाजवायला लागतात. आपल्याकडे गायक आणि तबलजी थेट मंचावरच भेटतात आणि 'मध्यलय तीनताल' एवढ्या बोलण्यावर मैफल उभी राहते, तसंच.

ही गाणी आली कुठून? बरीचशी न्यूयॉर्कच्या संगीत रंगभूमीवरून आणि सिनेमातून. जेरोम कर्नचं 'ऑल द थिंग्ज यू आर' १९३९ च्या एका संगीत नाटकातलं. गर्श्विनचं 'आय गॉट ऱ्हिदम' १९३० सालच्या नाटकातलं. म्हणजे आज जे 'अभिजात जॅझ' म्हणून मान डोलावत ऐकलं जातं, ते तेव्हाचं बाजारातलं चालू गाणंच होतं. बऱ्याच गाण्यांचा साचाही ठरलेला: आठ-आठ बारच्या (बार म्हणजे ठरावीक मात्रांचा एक छोटा गट) चार ओळी, तिसरी वेगळी, एकूण ३२ बार. तो साचा पाठ असला की वर काय वाजवायचं ते वादकाने त्या त्या वेळी ठरवायचं.

३. मग यात नवं काय? जॅझवाले पॉप गाणी आधीपासून वाजवत होतेच की.

होते. जॉन कोल्ट्रेनने १९५९ च्या नाटकातलं 'माय फेव्हरिट थिंग्ज' उचललं आणि १९६१ मध्ये त्याच नावाचा अल्बम आला. काउंट बेसीच्या बँडने १९६६ मध्ये बीटल्सच्या गाण्यांचा अख्खा अल्बम केला. पियानोवाल्यांत रॅम्सी लुईसने १९६५ साली वॉशिंग्टनच्या एका क्लबात 'द इन क्राउड' वाजवलं. लोकांच्या टाळ्यांसकट निघालेली ती रेकॉर्ड बिलबोर्डच्या पॉप यादीत पाचव्या क्रमांकावर गेली. हॅनकॉक ज्याच्या बँडमध्ये घडला त्या माइल्स डेव्हिसने १९८५ मध्ये सिंडी लॉपरचं 'टाइम आफ्टर टाइम' केलं.

हॅनकॉकच्या अल्बमची खरी चाल त्याच्या नावात आहे. तो म्हणतोय, आजोबांची गाणी स्टँडर्ड झाली, तर आपल्या काळातली का होऊ नयेत? अडचण अशी, की रॉकनंतरच्या गाण्यांची बांधणीच बदलली. कर्नचं गाणं कागदावर उतरवलं तरी बरंचसं हाती लागतं. प्रिन्सचं गाणं कागदावर उतरवलं तर दोन-चार कॉर्ड (एकत्र वाजवलेले तीन-चार स्वर) आणि एक छोटी ओळ उरते. बाकी सगळं त्याच्या आवाजात, ड्रमच्या ठोक्यात आणि स्टुडिओतल्या कारागिरीत. ते काढून घेतल्यावर जॅझवाल्याने पकडायचं काय? हॅनकॉकने ती रिकामी जागा स्वतःच्या कॉर्डनी भरली. त्यातून प्रश्न ४ निघतो.

४. गाणं ओळखूच येत नाही. माझं काही चुकतंय का?

नाही हो. सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच आहे. हेन्लीचं 'न्यूयॉर्क मिनिट' संथ आणि उदास आहे. इथे ते पळत येतं. चाल वाजते, पण तिच्या खालची जमीन बदललेली असते. कॉर्ड बदलल्या की ओळखीची ओळ परकी वाटू लागते. ओळखीच्या बाईंना एकदम वेगळ्या गावच्या स्टेशनावर पाहिल्यासारखं होतं: चेहरा माहीत आहे, नाव आठवत नाही.

ऐकताना एक करा. पहिला दीड-दोन मिनिटांचा भाग पुन्हा पुन्हा ऐका. मूळ चाल बहुतेक तिथेच सांगितलेली असते. त्यानंतर प्रत्येक वादकाचा विस्तार, आणि शेवटाकडे चाल परत. मुखडा डोक्यात बसला की विस्तारातल्या जागा आपोआप कळू लागतात.

५. 'कॉर्ड बदलल्या' म्हणजे नेमकं काय केलं? संगीताचं शिक्षण नसलेल्याला कळेल असं सांगा.

घरात पेटी असेल तर पाच मिनिटांत कळेल. पांढरी एक सा धरा. उजव्या हाताने वरचा सा दाबून ठेवा, सोडू नका. डाव्या हाताने खाली सा-ग-प वाजवा: घरी आल्यासारखं वाटतं. सा तसाच ठेवून खाली म-ध-सा वाजवा: सा तोच, पण थोडा मोकळा, दारात उभा असल्यासारखा. आता कोमल ध, सा आणि कोमल ग. अंधारून येतं ना? शेवटी शुद्ध रे, तीव्र म, शुद्ध ध वाजवून पाहा. आता तोच सा ओढ लावतो, पुढे कुठेतरी जायचंय असं सांगतो.

उजव्या हाताचं बोट एकदाही हललेलं नाही. हॅनकॉक हेच करतो, फक्त तीनऐवजी पाच-सहा स्वरांच्या कॉर्ड घेतो आणि दर ओळीला नवी वाट काढतो. आपल्याकडे आधार एका सा-चा आणि रंग स्वरांच्या चलनातून येतो. इथे चाल जवळजवळ जागच्या जागी आणि आधार सरकत राहतो. तानपुऱ्याची सवय असलेल्या कानाला सुरुवातीला घेरी येते. मलाही आली होती.

६. मूळ गाणी आधी ऐकावी की नंतर?

आधी. यावर वाद घालणारे मित्र आहेत, पण मूळ माहीत नसेल तर काय बदललं ते कळणार नाही आणि निम्मी मजा गेली. नऊच्या नऊ ऐकायला वेळ नसेल तर 'नॉर्वेजियन वुड', 'मर्सी स्ट्रीट' आणि 'ऑल अपॉलॉजीज' एवढी तीन पुरेत.

७. शब्दच नाहीत. मग गाण्यातलं राहिलं काय?

खरं आहे, काहीतरी जातं. 'मर्सी स्ट्रीट' (१९८६) गेब्रिएलने अॅन सेक्स्टन या अमेरिकन कवयित्रीला अर्पण केलेलं आहे. तिच्या कवितेतली प्रतिमा गाण्यात आहे, आणि ते सगळं शब्दांत आहे. हॅनकॉककडे ते येत नाही, फक्त धुकं येतं. 'ऑल अपॉलॉजीज' १९९३ चं. ते लिहिणारा कर्ट कोबेन १९९४ मध्ये गेला. मूळ ऐकताना ते विसरता येत नाही. इथे मात्र ते निव्वळ एक सुंदर, सोपं, गोल फिरणारं स्वरवाक्य म्हणून कानावर येतं. काहींना हा गाण्याचा अपमान वाटतो. मला वाटतं, कोबेनला चाल किती चांगली बांधता यायची ते इथे उघडं पडलं; मूळ गाण्यात ती गिटारच्या गदारोळात झाकलेली होती.

८. पियानोवाल्याचा अल्बम, मग इतर वादक इतके पुढे कसे? ते कोण आहेत?

सॅक्सोफोन मायकेल ब्रेकर, गिटार जॉन स्कोफील्ड, बास डेव्ह हॉलंड, ड्रम जॅक डीजॉनेट, तालवाद्यं डॉन अलियास. काही ठिकाणी मागे फुंकवाद्यं आणि तंतुवाद्यंही येतात. मांडणीत हॅनकॉकबरोबर बॉब बेल्डनचा हात आहे. हॉलंड, डीजॉनेट आणि अलियास तिघंही १९६९ साली माइल्स डेव्हिसच्या 'बिचेस ब्रू'च्या रेकॉर्डिंगला होते, आणि स्कोफील्ड ऐंशीच्या दशकात माइल्सकडे होता. म्हणजे जवळपास एकाच घराण्यातले लोक.

जॅझमध्ये अल्बम ज्याच्या नावावर, तो सतत पुढेच असतो असं नाही. ब्रेकर चाल सांगत असताना मागे पियानो काय करतो तिकडे लक्ष द्या. एखादी कॉर्ड उशिरा टाकतो, एखादी गाळतोच. चांगला पेटीवाला गायकाच्या मागे कधी भरतो आणि कधी हात उचलतो, तो हिशोब इथेही चालू असतो.

९. यात सतार आहे असं ऐकलं. खरं का?

अर्धं खरं. स्कोफील्डच्या वाद्यांच्या यादीत इलेक्ट्रिक सतार आहे. ती सतार नव्हेच. ती गिटार आहे. तिची घोडी (तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी) अशी चपटी केलेली असते की तार तिच्यावर घासून झणझणते. मिरजेचे कारागीर कानस घेऊन जवारी काढतात तेव्हा तासन्‌तास जे साधत बसतात, त्याची ही कारखान्यातली नक्कल. खरी सतार मूळ 'नॉर्वेजियन वुड'मध्ये, १९६५ साली जॉर्ज हॅरिसनने वाजवली होती.

१०. शेवटचं 'मॅनहॅटन' कुठल्या पॉप गायकाचं? शोधून सापडत नाही.

सापडणार नाही, कारण ते कव्हर, म्हणजे दुसऱ्याचं गाणं नव्याने वाजवलेलं, नाही. हर्बी आणि त्याची बहीण जीन हॅनकॉक यांची ती स्वतःची रचना. गंमत अशी, की पॉप गाण्यांच्या या अल्बममधल्या याच रचनेला १९९७ मध्ये सर्वोत्तम वाद्यरचनेचं ग्रॅमी मिळालं. तुमच्या प्रतीत आणखी एक अकरावं गाणं दिसत असेल, तर ती जपानी आवृत्ती. तिच्यात स्टीली डॅनचं 'युवर गोल्ड टीथ टू' जास्तीचं आहे.

११. 'स्कारबरो फेअर' तर लोकगीत आहे ना? ते पॉप कव्हर कसं?

मूळ इंग्लंडचं जुनं लोकगीतच. पॉल सायमन ते लंडनमध्ये मार्टिन कार्थी या लोकगायकाकडून शिकला, आणि १९६६ च्या अल्बममुळे ते जगभर पोचलं. हॅनकॉक ज्याला प्रतिसाद देतोय ते सायमनचं रूप. हक्कांच्या बाबतीत मात्र फरक पडतो: लोकगीताची मूळ चाल कोणाच्याच मालकीची नसते, एखाद्याने केलेली नवी भर असू शकते. बाकीच्या गाण्यांसाठी प्रश्न १४.

१२. हॉटेलच्या लॉबीत पियानोवर 'लग जा गले' वाजतं, त्याच्यात आणि यात फरक काय?

थोडा खोचक आहे, पण रास्त प्रश्न. लॉबीतल्या वादकाचं काम गाणं ओळखू येणं आणि गप्पांमध्ये न येणं. चाल जशीच्या तशी, मध्ये भर नाही, तीन मिनिटांत पुढचं गाणं. हॅनकॉककडे दोन मिनिटांचं 'नॉर्वेजियन वुड' आठ मिनिटांचं होतं, आणि त्यातली मधली मिनिटं त्या दिवशीच्या सुचण्यावर आहेत; दुसऱ्या दिवशी वाजवलं असतं तर वेगळी झाली असती. लॉबीवाल्याला मी कमी लेखत नाही. चार तास हसतमुखाने फर्माइशी वाजवणं हे माझ्याच्याने झालं नसतं.

१३. हे सगळं खप वाढवायला केलं असेल, नाही का?

असेलही, रेकॉर्ड कंपनीला खप नकोच होता असं कोण म्हणेल. पण हॅनकॉकच्या बाबतीत हा आरोप थोडा उशिरा येतो. त्याचं स्वतःचं 'वॉटरमेलन मॅन' १९६२ चं, शिकागोच्या दगडी रस्त्यांवरून फिरणाऱ्या कलिंगडवाल्याच्या गाडीच्या आवाजावरून सुचलेलं. माँगो सांतामारिया या क्यूबन तालवादकाने ते उचललं आणि १९६३ मध्ये ते पॉप यादीत गाजलं. म्हणजे त्याची जॅझ रचना पॉपवाल्यांनी आधीच नेली होती. पुढे १९७३ चा 'हेड हंटर्स', १९८३ चं 'रॉकिट'. लोकप्रिय संगीताकडे त्याचं येणं-जाणं जुनंच. आणि खपासाठीच करायचं असतं, तर गाणी ओळखू येतील अशी वाजवली असती.

१४. दुसऱ्याचं गाणं वाजवायला परवानगी लागते का? पैसे कोणाला मिळतात?

अमेरिकेत रेकॉर्डिंगपुरतं उत्तर सोपं: गाणं एकदा मालकाच्या संमतीने प्रकाशित झालं, की ठरलेली रक्कम भरून कोणीही त्याची स्वतःची रेकॉर्ड काढू शकतो. मालकाला नाही म्हणता येत नाही. ही सक्तीची परवाना पद्धत १९०९ च्या कायद्यातली, आणि तिच्या मुळाशी पियानोच आहे. त्या काळी भोकं पाडलेल्या कागदी गुंडाळ्यांवर आपोआप वाजणारे पियानो घरोघरी होते. त्या गुंडाळ्या म्हणजे गाण्याची नक्कल नव्हे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९०८ मध्ये दिला. संगीतकार हवालदिल झाले आणि पुढच्याच वर्षी कायदा बदलला.

पैसे जातात गीतकार-संगीतकार आणि त्यांच्या प्रकाशकाला. मूळ गायकाला गायक म्हणून काही नाही. बेबीफेससारखा गायकच लेखक असेल तर गोष्ट वेगळी. पाच मिनिटांपेक्षा लांब ट्रॅकला मिनिटागणिक जास्त आकार पडतो, तेव्हा आठ-आठ मिनिटं विस्तार करणाऱ्याने खिशाचाही विचार करायचा.

अपवाद: मांडणी आपल्या ढंगाने करता येते, पण मूळ चाल आणि गाण्याचा मूलभूत स्वभाव बदलायचा नाही, असं तिथला कायदा म्हणतो. हॅनकॉकने तो बदललाय का, यावर दोन वकील रात्रभर बसतील. शिवाय व्हिडिओसाठी हा परवाना चालत नाही, तिथे मालकाची वेगळी संमती हवी.

१५. मला मराठी गाण्यांचा असा अल्बम करायचाय. भारतात हेच नियम का?

नाही, आणि फरक मोठा आहे. २०१२ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात कलम ३१सी आलं. त्यानुसार पहिल्या रेकॉर्डिंगचं वर्ष संपल्यापासून पाच कॅलेंडर वर्षं जाईपर्यंत या वाटेने कव्हर काढता येत नाही. रॉयल्टी आगाऊ, दर गाण्यामागे दर वर्षी किमान ५०,००० प्रतींच्या हिशोबाने. आवरणावर 'कव्हर व्हर्जन' असं लिहायचं आणि आधीच्या गायकाचं किंवा सिनेमाचं नाव वापरून गिऱ्हाइकाची दिशाभूल करायची नाही. जॅझवाल्याला सगळ्यात अडवणारी अट वेगळीच: आधी न झालेला किंवा तांत्रिकदृष्ट्या आवश्यक नसलेला बदल रचनेत चालत नाही. प्रश्न ५ मधला सगळा उद्योग त्यात अडकू शकतो. म्हणून मालकांशी थेट बोलून लेखी परवानगी घेणं हाच व्यवहार्य रस्ता. पैसे गुंतवण्याआधी वकिलाला दाखवा; मी वकील नाही.

पळवाट म्हणा हवं तर, पण सरळ आहे: जुनं नाट्यसंगीत. आपल्याकडे कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी रचना मोकळी होते. 'स्वयंवर'ची पदं कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांची (निधन १९४८), चाली भास्करबुवा बखले यांच्या (निधन १९२२). दोन्ही मोकळ्या. मोकळी झाली ती मूळ रचना. नंतर कोणी काढलेल्या रेकॉर्डचा हक्क वेगळा, ती उचलून वापरू नका.

१६. नुसत्या कॉर्ड घेतल्या आणि चाल नवी केली तर?

जॅझमध्ये ही जुनी युक्ती. चार्ली पार्करचं 'को-को' हे 'चेरोकी' या गाण्याच्या कॉर्डवर उभं आहे, चाल पूर्ण त्याची. अमेरिकेत कॉर्डच्या साध्या क्रमावर सहसा कोणाची मालकी मानत नाहीत, त्यामुळे मूळ गाण्याची रॉयल्टी वाचायची. हॅनकॉकने उलट केलं: चाल ठेवली, कॉर्ड नव्या. म्हणून रॉयल्टी भरणं आलंच.

१७. मग ही गाणी खरंच स्टँडर्ड झाली का?

हॅनकॉकच्या वाटेने नाही, असं माझं मत. स्टँडर्ड व्हायला गाणं सैल लागतं, कोणीही येऊन आपल्या मापाचं करून घ्यावं असं. त्याने इतक्या दाट मांडण्या केल्या की गाणी पुन्हा बंद झाली. क्लबात चौघे जमले आणि 'न्यूयॉर्क मिनिट, हॅनकॉकसारखं' म्हणाले, तर आधी कागद काढून तालीम करावी लागेल. अल्बम म्हणून मला तो फार आवडतो. प्रस्ताव म्हणून तो स्वतःच्याच आड येतो. बीटल्सची आणि स्टीव्ही वंडरची गाणी जॅझवाले वाजवतात, पण ती १९९६ च्या आधीपासूनच.

१८. हे आवडलं. पुढे काय ऐकू?

ब्रॅड मेहलडाऊ. 'द आर्ट ऑफ द ट्रायो'च्या तिसऱ्या भागात (१९९८) त्याने रेडिओहेडचं 'एक्झिट म्युझिक' घेतलंय, आणि तो हॅनकॉकच्या उलट करतो: कॉर्ड फारशा न बदलता आतून हळूहळू तापवत नेतो. 'द बॅड प्लस' या त्रिकुटाने २००३ मध्ये निर्व्हानाचं 'स्मेल्स लाइक टीन स्पिरिट' मोडूनतोडून वाजवलं. रॉबर्ट ग्लास्परचा 'कव्हर्ड' २०१५ चा. आणि खुद्द हॅनकॉकचा 'रिव्हर' (२००७), जोनी मिचेलच्या गाण्यांवरचा. तिथे मांडणी विरळ आहे आणि बऱ्याच गाण्यांत शब्दही आहेत. एक गाणं नोरा जोन्सने म्हटलंय. या अल्बमला २००८ मध्ये वर्षाच्या सर्वोत्तम अल्बमचं ग्रॅमी मिळालं. जॅझला तो मान त्याआधी एकदाच मिळाला होता, १९६५ मध्ये. प्रश्न १७ मधली तक्रार बहुधा हॅनकॉकच्याही लक्षात आली असावी.

१९. आपल्याकडे असं काही झालंय का?

उलट्या दिशेने झालंय. अमेरिकेत नाटकातलं गाणं बैठकीत गेलं. आपल्याकडे बैठकीतल्या बंदिशी आणि ठुमऱ्यांच्या चालींवर नाटकातली पदं बांधली गेली, आणि मग तीच पदं पुन्हा मैफलीत येऊन अर्धा-अर्धा तास रंगली. जॅझचा थेट धागा मुंबईत आहे. टेडी वेदरफोर्ड हा अमेरिकन पियानोवादक तीसच्या दशकात ताजमहाल हॉटेलात वाजवायचा. १९४५ मध्ये कोलकात्यात त्याचं निधन झालं. बार्देशातल्या हळदोण्याचे चिक चॉकलेट ट्रम्पेट वाजवत, आणि पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांबरोबर त्यांनी सिनेमात काम केलं. म्हणजे इथे जॅझच गाण्याच्या पोटात शिरला.

२०. एकच ट्रॅक ऐकायला वेळ आहे. कुठला?

'नॉर्वेजियन वुड'. आधी बीटल्सचं ऐका, दोनच मिनिटं. मुखड्यात खमाज थाटाचे स्वर सापडतील, मधल्या भागात ग कोमल होऊन काफी. तो बदल गुणगुणून पक्का करा आणि मग हॅनकॉक लावा. फोनच्या स्पीकरवर नको, हॉलंडचा बास त्यातून येतच नाही, हेडफोन घ्या.